आधी वैर, मग विभाग: कॉलेज फुटबॉलच्या कॉन्फरन्सची मांडणी कशी करावी

शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेली अनेक मराठी मुले ॲन आर्बर, वेस्ट लाफायेट, कोलंबस किंवा अर्बाना-शॅम्पेनसारख्या विद्यापीठांच्या गावांत जाऊन राहतात, आणि पहिल्याच सप्टेंबरमधल्या एखाद्या शनिवारी त्यांना कळून चुकते की आज या गावात फुटबॉलखेरीज (अर्थात अमेरिकन फुटबॉलखेरीज) दुसरे काहीही होणार नाही. खेळाचे नियम महिन्याभरात समजतात. समजत नाही ते वेळापत्रक. एकाच कॉन्फरन्समधले, म्हणजे विद्यापीठांच्या संघांच्या एकाच गटातले, दोन संघ दरवर्षी भेटतात, दुसरे दोन मात्र सहा-सहा वर्षे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, आणि ज्या सामन्यासाठी आजोबा-नातू एकत्र गाडीत बसून जात असत तो सामना एका वर्षी यादीतून नाहीसा होतो. हे का घडते आणि ते न घडू देता कॉन्फरन्सची विभागणी कशी करता येते, याची रीत येथे क्रमाने मांडली आहे. उदाहरण म्हणून प्रामुख्याने बिग टेन ही १८९६ साली स्थापन झालेली कॉन्फरन्स घेतली आहे, कारण विभागणीचे बहुतेक सगळे बरेवाईट प्रयोग तिने स्वतःवर करून पाहिले आहेत.

पहिली पायरी: सामन्यांचा हिशेब कागदावर मांडावा

कॉलेज संघाच्या वाट्याला नियमित हंगामात बारा सामने येतात. त्यांपैकी आठ किंवा नऊ सामने कॉन्फरन्समधल्या संघांशी होतात आणि उरलेले बाहेरच्यांशी. कॉन्फरन्समध्ये नऊ-दहा संघ असतील तर प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळू शकतो आणि विभागांची गरजच पडत नाही. बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या कॉन्फरन्सने दहा संघ उरल्यावर २०११ पासून नेमके हेच केले. संघ बारा झाले की सगळ्यांशी खेळणे अशक्य होते. म्हणून संघांचे दोन विभाग पाडायचे, विभागातल्या सगळ्यांशी खेळायचे, दुसऱ्या विभागातल्या काहींशी आळीपाळीने खेळायचे आणि शेवटी दोन विभागविजेत्यांचा अंतिम सामना लावायचा, अशी रीत १९९२ मध्ये दक्षिणेतल्या एसईसी या कॉन्फरन्सने रूढ केली. त्या वर्षी बर्मिंगहॅमला झालेल्या पहिल्या अंतिम सामन्यात अलाबामाने फ्लोरिडाला २८-२१ असे हरवले.

आता आकडे पाहावेत. बारा संघ, सहा-सहाचे दोन विभाग आणि आठ सामने असतील, तर पाच सामने विभागात खर्च होतात आणि तीन उरतात. त्यांतला एक सामना दुसऱ्या विभागातल्या ठरलेल्या प्रतिस्पर्ध्यासाठी कायमचा राखून ठेवला, तर उरलेल्या पाच संघांसाठी वर्षाला दोनच जागा राहतात, म्हणजे त्यांच्यापैकी प्रत्येकाशी पाच वर्षांत दोनदा गाठ पडते. हे चालण्यासारखे आहे. चौदा संघ झाले की सहा सामने विभागात जातात, एक राखीव असतो आणि आळीपाळीसाठी एकच जागा उरते. तीवर हक्क सांगणारे संघ सहा. एसईसीने २०१२ पासून हाच प्रकार चालवला. त्यामुळे दुसऱ्या विभागातला संघ सहा वर्षांतून एकदा भेटे आणि आपल्या मैदानावर बारा वर्षांतून एकदा येई, म्हणजे चार वर्षे शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने तो कधी पाहिलाच नाही, असेही होई. सोळा संघांचे दोन विभाग केले, तर आठ सामन्यांत विभागातले सात आणि एक राखीव एवढेच बसतात आणि दुसऱ्या विभागातल्या बाकी सात संघांशी कधीच सामना होत नाही. अशा दोन विभागांना एक कॉन्फरन्स म्हणण्यात अर्थ उरत नाही.

येथेच आणखी एक बारीक अट तपासून घ्यावी. संघांची संख्या आणि प्रत्येकाचे सामने यांचा गुणाकार सम असावा लागतो, कारण प्रत्येक सामना दोघांच्या खात्यावर मांडला जातो. सतरा संघांना प्रत्येकी नऊ सामने देऊ म्हटले तर गुणाकार १५३ येतो आणि कोणीतरी एक संघ आठ सामन्यांवर अडकतो. एसीसी ही अटलांटिक किनाऱ्याकडची कॉन्फरन्स २०२४ मध्ये सतरा संघांची झाली तेव्हापासून ही अडचण तिच्या मानगुटीवर बसलेली आहे.

दुसरी पायरी: वैरांची यादी करावी आणि तिची प्रत लावावी

नकाशा हातात घेण्याआधी ही यादी करावी, असा माझा आग्रह आहे. विभागणी चुकलेल्या बहुतेक ठिकाणी आधी विभाग ठरले आणि मग त्यांत वैरे बसवण्याची कसरत झाली.

पहिल्या प्रतीत ते सामने घालावेत जे एक वर्ष जरी चुकले तरी दोन्ही राज्यांत बोभाटा होईल. बिग टेनमध्ये मिशिगन-ओहायो स्टेट हा सामना सर्वांत वर येतो. ते दोघे पहिल्यांदा १८९७ मध्ये भेटले आणि १९३५ पासून त्यांचा सामना हंगामाच्या अखेरीस ठेवण्याची प्रथा आहे. मिनेसोटा-विस्कॉन्सिन ही जोडी १८९० पासून खेळते आहे आणि वरच्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये इतके सामने दुसऱ्या कोणत्याही जोडीत झालेले नाहीत. मिनेसोटा-आयोवा सामन्याला कांस्याचा डुक्कर बक्षीस असतो. १९३५ मध्ये दोन राज्यांच्या गव्हर्नरांनी लावलेल्या पैजेतून तो आला, आणि आधी त्याच्या जागी खराखुरा जिवंत डुक्कर होता. याच प्रतीत आयोवा-विस्कॉन्सिन, मिशिगन-मिशिगन स्टेट, इंडियाना-पर्ड्यू आणि इलिनॉय-नॉर्थवेस्टर्न हे सामने येतात. नेब्रास्का २०११ मध्ये आली तेव्हा आयोवाशी तिचे वैर नवे होते, पण दोन्ही राज्यांची सीमा एक असल्यामुळे ते मुरणार हे उघड होते.

दुसऱ्या प्रतीत ज्यांच्यामागे खरा इतिहास आहे, पण अधूनमधून खंड पडला तरी जे तग धरतात असे सामने घालावेत. मिशिगन आणि मिनेसोटा यांच्यातली पाण्याच्या मडक्याची लढत यांपैकी आहे. १९०३ मध्ये मिशिगनचे खेळाडू मिनीॲपोलिसला आपले मडके विसरून आले आणि ते परत मिळवण्यासाठी सामना जिंकावा लागेल, असे त्यांना सांगण्यात आले.

प्रत लावताना चषकांवर भिस्त ठेवू नये. पेन स्टेट १९९३ मध्ये बिग टेनमध्ये खेळू लागली त्याच वर्षी तिच्या आणि मिशिगन स्टेटच्या सामन्यासाठी एक चषक तयार करण्यात आला, पण चषक दिल्याने वैर निर्माण होत नाही. दोन वर्षे सामना झाला नाही तर तिकिटे काढणाऱ्या माणसाला चुकचुकल्यासारखे होईल का, हा एकच प्रश्न विचारावा.

तिसरी पायरी: गाठी बांधाव्यात आणि मग काप द्यावा

कागदावर बारा ठिपके काढावेत आणि पहिल्या प्रतीचे वैर असलेल्या प्रत्येक जोडीत रेघ ओढावी. २०११ च्या बिग टेनसाठी हे केले की संघ आपोआप पुंजक्यांत गोळा होतात. मिशिगन, ओहायो स्टेट आणि मिशिगन स्टेट यांचा एक पुंजका होतो. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा आणि नेब्रास्का यांचा दुसरा. इंडियाना आणि पर्ड्यू ही एक जोडी, इलिनॉय आणि नॉर्थवेस्टर्न ही दुसरी, आणि पेन स्टेट एकटी. एकही रेघ न तोडता सहा-सहाचे विभाग पडतात का? पडतात. चारांचा पुंजका आणि इलिनॉयची जोडी मिळून एक विभाग होतो. तिघांचा पुंजका, इंडियानाची जोडी आणि पेन स्टेट मिळून दुसरा. पूर्व-पश्चिम असा नकाशाही त्यातून आयता मिळतो.

बिग टेनने २०११ मध्ये हे केले नाही. विभागांची ताकद सारखी राहावी हा निकष तिने पहिला धरला आणि मिशिगन, मिशिगन स्टेट, मिनेसोटा, आयोवा, नेब्रास्का, नॉर्थवेस्टर्न यांचा 'लेजंड्स' तर ओहायो स्टेट, पेन स्टेट, विस्कॉन्सिन, इलिनॉय, इंडियाना, पर्ड्यू यांचा 'लीडर्स' असा विभाग केला. त्या नावांवरून कोणता संघ कुठे आहे हे कळायला मार्गच नव्हता, त्यामुळे त्यांची जन्मापासून टवाळी झाली. पण नावे ही किरकोळ बाब होती. या एका कापाने पहिल्या प्रतीच्या चार रेघा तुटल्या: मिशिगन-ओहायो स्टेट, मिनेसोटा-विस्कॉन्सिन, आयोवा-विस्कॉन्सिन आणि इलिनॉय-नॉर्थवेस्टर्न.

चौथी पायरी: राखीव सामने जपून खर्च करावेत

तुटलेली रेघ राखीव सामन्याने सांधता येते, पण संघाला अशी जागा बहुधा एकच मिळते, आणि ती खर्च कशी होते हे पाहिले की मांडणीचा कस लागतो. वरच्या विभागणीत विस्कॉन्सिनच्या दोन रेघा तुटल्या होत्या आणि जागा एक होती. ती मिनेसोटाला मिळाली, आणि आयोवाला राखीव प्रतिस्पर्धी म्हणून कोण मिळावे, तर पर्ड्यू! मिसिसिपीच्या दोन काठांवरची आयोवा आणि विस्कॉन्सिन ही शेजारची राज्ये. त्यांचे संघ २०११ आणि २०१२ अशी दोन वर्षे एकमेकांशी खेळले नाहीत, आणि त्याच काळात आयोवा-पर्ड्यू हा सामना, जो होतो की नाही याची आयोवात फारशी कोणाला फिकीर नव्हती, नेमाने होत राहिला. म्हणून नियम असा धरावा की एका संघाच्या दोन रेघा कधीही काप देऊन तोडू नयेत.

राखीव सामना ठेवलाच नाही तर काय होते, हे बिग ट्वेल्व्हने दाखवून दिले. ओक्लाहोमा आणि नेब्रास्का १९२८ पासून १९९७ पर्यंत दरवर्षी खेळले. १९७१ मधला त्यांचा सामना, जो नेब्रास्काने ३५-३१ असा जिंकला, आजही शतकातला सर्वोत्तम म्हणून काढला जातो. १९९६ मध्ये बिग ट्वेल्व्ह खेळू लागली, ओक्लाहोमा दक्षिण विभागात आणि नेब्रास्का उत्तर विभागात गेली, आणि दोन वर्षे सामना, दोन वर्षे सुट्टी असा क्रम लागला. सत्तर वर्षांची सवय मोडल्यावर नेब्रास्काला त्या कॉन्फरन्समध्ये धरून ठेवणारा एक दोर कमी झाला, असे मला वाटते; २०११ मध्ये ती निघून गेली त्याला इतरही कारणे होती, पण हे कारण त्या यादीबाहेर ठेवता येत नाही.

उलट बाजूचे उदाहरण पॅसिफिक किनाऱ्यावरच्या पॅक-ट्वेल्व्हचे आहे. कॅलिफोर्नियातल्या चार विद्यापीठांपैकी दोन उत्तर विभागात आणि दोन दक्षिण विभागात गेली, पण चौघांनी एकमेकांशी दरवर्षी खेळायचे, हे पक्के करून घेतले. नऊ सामने असल्यामुळे ते जमले: विभागातले पाच, राखीव दोन आणि आळीपाळीचे दोन. आठ सामन्यांत हेच केले असते तर बाकीच्या चार संघांना एकच जागा उरली असती.

पाचवी पायरी: ताकदीचा समतोल पाहावा, पण लांबच्या पल्ल्याने

माझी रीत वापरून काढलेल्या पूर्व-पश्चिम विभागणीवर आक्षेप घेता येतो, आणि तो खरा आहे. मेरीलँड आणि रटगर्स आल्यावर २०१४ मध्ये बिग टेनने जवळजवळ तीच विभागणी स्वीकारली. फरक एवढाच की चौदा संघांचे सात-सात करताना पर्ड्यू पश्चिमेत गेली आणि इंडियाना-पर्ड्यू हा एकमेव राखीव सामना ठेवावा लागला. वैरे सुरक्षित राहिली. पण २०१४ ते २०२३ या दहा वर्षांत झालेले दहाही अंतिम सामने पूर्वेने जिंकले. २०२२ मध्ये मिशिगन आणि ओहायो स्टेट हे दोघेही अपराजित राहून शेवटच्या आठवड्यात भेटले, मिशिगनने ४५-२३ असा विजय मिळवला आणि पुढच्या आठवड्यात अंतिम सामन्यात समोर आली ती पर्ड्यू. त्याच्या पुढच्या वर्षी मिशिगनने आयोवाला २६-० असे नमवले. प्रेक्षकांच्या दृष्टीने खरा अंतिम सामना आदल्या शनिवारीच होऊन गेलेला असे.

मग समतोल कसा मोजावा? पाच वर्षांच्या निकालांवरून मोजू नये. एसईसीत विभाग तेच होते, तरी १९९३ ते १९९८ अशी सलग सहा वर्षे पूर्वेने बाजी मारली आणि २००९ ते २०१६ अशी सलग आठ वर्षे पश्चिमेने. पारडे फिरले, कारण दोन्ही बाजूंना पैसा, प्रेक्षक आणि खेळाडू खेचून आणण्याची ताकद असलेली तीन-तीन विद्यापीठे होती: पूर्वेला फ्लोरिडा, जॉर्जिया, टेनेसी आणि पश्चिमेला अलाबामा, ऑबर्न, एलएसयू (लुइझियाना स्टेट). बिग टेनच्या पश्चिमेत तशी एकटी नेब्रास्का धरली गेली होती आणि ती नेमकी याच काळात ढासळली. म्हणून गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली विजेतेपदे पाहावीत आणि प्रत्येक बाजूला किमान दोन तरी अशी विद्यापीठे आहेत ना, एवढेच तपासावे. ते जमत नसेल तर पुंजक्यांपैकी सुटी जोडी किंवा पेन स्टेटसारखा सुटा संघ दुसऱ्या बाजूला नेऊन पाहावा. पहिल्या प्रतीच्या रेघेला तरीही हात लावू नये.

दोन बलाढ्य संघ मुद्दाम वेगळ्या विभागांत ठेवले म्हणजे ते अंतिम सामन्यात भेटतील, ही आशा तर सरळ सोडून द्यावी. एसीसीने २००५ मध्ये फ्लोरिडा स्टेटला अटलांटिक आणि मायामीला कोस्टल विभागात ठेवले आणि पहिले अंतिम सामने फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल आणि टॅम्पा या शहरांत भरवले. ते दोघे अंतिम सामन्यात एकदाही समोरासमोर आले नाहीत. मायामीला तिथे पोहोचायलाच २०१७ उजाडले आणि तेव्हा समोर क्लेमसन होती. दरम्यान कोस्टल विभागात २०१३ ते २०१९ या सात वर्षांत सातही संघ एकेकदा विजेते झाले, ही गंमत कोणीही योजलेली नव्हती.

सहावी पायरी: विभाग हवेत तरी का, हे विचारावे

बराच काळ या प्रश्नाला वाव नव्हता, कारण अंतिम सामना भरवायचा तर विभाग असलेच पाहिजेत, असा एनसीएए या नियामक संस्थेचा दंडक होता. २०१६ मध्ये तो सैल झाला आणि मे २०२२ मध्ये पूर्णपणे गेला. त्यानंतर मोठ्या कॉन्फरन्सनी एकामागून एक विभाग मोडीत काढले: पॅक-ट्वेल्व्हने लगेच, एसीसीने २०२३ मध्ये, एसईसी आणि बिग टेनने २०२४ मध्ये.

माझे मत असे की बारा संघांपर्यंत विभाग ठेवण्यात हरकत नाही, चौदापासून पुढे मात्र ते काढून टाकावेत. त्यांच्या जागी प्रत्येक संघाला काही कायमचे प्रतिस्पर्धी द्यावेत आणि बाकीच्यांची दोन तुकड्यांत आळीपाळी लावावी. चौदा संघ आणि आठ सामने असतील तर तीन कायमचे, पाच या वर्षी, पाच पुढच्या वर्षी, असा हिशेब तंतोतंत बसतो. एसीसीने २०२३ साठी हीच रचना घेतली. या आधीच्या विभागांमुळे एकाच राज्यातली नॉर्थ कॅरोलायना आणि वेक फॉरेस्ट ही विद्यापीठे इतकी क्वचित भेटत की २०१९ आणि २०२१ मध्ये एकाच कॉन्फरन्सच्या या दोघांनी आपापसांत कॉन्फरन्सबाहेरचा म्हणून सामना ठरवला. सोळा संघ आणि नऊ सामने असतील तर तीन, सहा आणि सहा बसतात. एसईसी २०२६ पासून याच वाटेने जात आहे.

अठरा संघांना मात्र तिघे कायमचे देता येत नाहीत, निदान सुबक रीतीने नाही. सतरा प्रतिस्पर्ध्यांपैकी तीन काढले की चौदा उरतात आणि नऊ सामन्यांत त्यांच्यासाठी वर्षाला सहा जागा. दोन वर्षांत बारा होतात आणि दोन संघ लटकतात. एक कायमचा ठेवून आठ-आठ केले तर जमते, पण मग आयोवाच्या तीन रेघांपैकी दोन जातात. अठरा संघांच्या झालेल्या बिग टेनने येथे शहाणपणा केला आणि सगळ्यांना सारखे वाटप करण्याचा हट्ट सोडला. तिने बारा सामने कायमचे ठरवले. त्यांत आयोवाचे तीन आहेत, मिशिगनचे दोन आणि पेन स्टेटचा एकही नाही. बाकीचे वेळापत्रक त्यांच्याभोवती विणले जाते. दिसायला ते ओबडधोबड आहे, पण वैरेही समान वाटून आलेली नसतात.

चार-चार संघांच्या चौकड्या करून त्या फिरवत ठेवण्याची कल्पनाही अधूनमधून पुढे येते. डब्ल्यूएसी या कॉन्फरन्सने १९९६ मध्ये हवाईपासून ओक्लाहोमातल्या टल्सापर्यंत पसरलेले सोळा संघ असे बांधून पाहिले. तीन हंगामांनंतर त्यांतले आठ संघ बाहेर पडले आणि त्यांनी माउंटन वेस्ट ही नवी कॉन्फरन्स काढली.

सातवी पायरी: तारीख आणि जागा

कोण कोणाशी खेळणार हे ठरले की प्रत्येक जुन्या सामन्याची तारीख आधी बसवावी. अलाबामा-टेनेसी ऑक्टोबरमध्ये, टेक्सास-ओक्लाहोमा डॅलसच्या जत्रेच्या दिवसांत तिथल्याच कॉटन बोल मैदानावर, मिशिगन-ओहायो स्टेट नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी. कॉन्फरन्सबाहेरची वैरेही विसरू नयेत: जॉर्जिया-जॉर्जिया टेक, क्लेमसन-साउथ कॅरोलायना, फ्लोरिडा-फ्लोरिडा स्टेट हे सामने एसईसी आणि एसीसी यांच्या सीमेवरचे आहेत आणि शेवटच्या आठवड्यातलेच आहेत. नऊ सामन्यांच्या रचनेत अशा संघाला बाहेरच्या तीनच जागा उरतात आणि त्यांतली एक आधीच गेलेली असते. शिवाय नऊ सामन्यांत कोणाला पाच घरच्या मैदानावर आणि कोणाला चारच मिळतात. ज्या वर्षी कायमचे दोन प्रतिस्पर्धी परक्या मैदानावर आहेत त्याच वर्षी घरचे सामने चारच येऊ नयेत, एवढी काळजी घ्यावी.

आठवी पायरी: बरोबरी सोडवण्याचे नियम हंगामाआधी लिहून काढावेत

विभाग असोत वा नसोत, तिघांची बरोबरी कधी ना कधी होतेच. २००८ मध्ये बिग ट्वेल्व्हच्या दक्षिण विभागात टेक्सासने ओक्लाहोमाला ४५-३५, टेक्सास टेकने टेक्सासला ३९-३३ आणि ओक्लाहोमाने टेक्सास टेकला ६५-२१ असे हरवले. परस्परांतल्या निकालांवरून काहीच ठरेना आणि शेवटी राष्ट्रीय क्रमवारीत वर असल्यामुळे ओक्लाहोमा अंतिम सामन्यात गेली. विभाग नसलेल्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये तर बरोबरीतले संघ आपापसांत खेळलेलेच नसण्याचा संभव जास्त, म्हणून समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी आणि प्रतिस्पर्ध्यांची एकूण ताकद हे निकष क्रमाने आधीच जाहीर करावेत. तयार मांडणी मागच्या दहा हंगामांच्या निकालांवर चालवून पाहावी; बरोबरी किती वेळा चौथ्या-पाचव्या निकषापर्यंत जाते हे एका संध्याकाळी कळते.

एखादा सामना या सगळ्या चौकटीबाहेर ठेवणे हाच योग्य निर्णय असतो, हेही लक्षात असू द्यावे. आर्मी आणि नेव्ही, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी आणि नौदल अकादमींचे संघ, १८९० पासून एकमेकांशी खेळत आले आहेत. २०२४ मध्ये आर्मी फुटबॉलसाठी अमेरिकन कॉन्फरन्समध्ये आली, जिथे नेव्ही २०१५ पासून होती. दोघे सहसदस्य झाले, तरी त्यांचा सामना कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात धरायचा नाही असे ठरले. तो पूर्वीप्रमाणे डिसेंबरमध्ये, कॉन्फरन्सचा अंतिम सामना होऊन गेल्यावर पुढच्या शनिवारी होतो.